समुद्र बघायला गेलो आणि जहाज बघून आलो

फलाट_चार (लातूर)

नमस्कार मंडळी. एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. काचेच्या खिडकीआडून 'लातूर-उदगीर फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असं ओरडणारा जो आवाज असतो, तो माझा समजा. माणसांचे लोंढे, उशिरा आलेल्या गाड्या आणि हरवलेल्या पिशव्या यांत आयुष्य गेलं. समुद्राशी संबंध म्हणाल तर एकदा गणपतीपुळे आणि दोनदा मुंबई, तेही विजार वर धरून गुडघाभर पाण्यात.

मार्चमध्ये थोरल्याकडे फ्लोरिडाला गेलो होतो. त्यानं आम्हाला न विचारताच मायामीहून निघणाऱ्या जहाजाची सात रात्रींची तिकिटं काढली होती. मेक्सिकोचं कोझुमेल, बहामातलं कंपनीचं स्वतःचं एक बेट, आणि बाकी नुसता समुद्र. ही म्हणाली, "नुसता समुद्र असंल तर चालतंय." जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर आहे आणि ती नावानिशी करावी एवढी मोठी नाही. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या जहाजांच्या पंगतीत बसणारं आहे, एवढं पुरे. वीसेक मजले, साडेपाच हजारांवर प्रवासी, वर दोन हजारांवर कर्मचारी. आणि इतकं नवं कोरं की केबिनमधल्या कपाटाच्या आरशावरचा पारदर्शक कागद एका कोपऱ्यात तसाच राहिला होता. नातवानं पहिल्या पाच मिनिटांत तो सोलून हातात दिला.

पहिली गंमत अशी की जहाज मला दिसलंच नाही. बंदराकडे जाणाऱ्या पुलावरून पांढऱ्या इमारतींची एक रांग दिसली. मी म्हटलं, पाण्याला इतकं खेटून बांधायला परवानगी कुणी दिली यांना? थोरला म्हणाला, "बाबा, तेच जहाज."

दुसरी गंमत म्हणजे जहाजात कधी चढलो तेही कळलं नाही. माझ्या डोक्यात शिडी होती. खाली पाणी, वर डेक, हातात रुमाल. प्रत्यक्षात विमानतळासारखी तपासणी, फोनवरचा चौकोन दाखवा, फोटो काढा, मग एक लांब बंद बोळ, आणि एकदम गालिचा. बोळ आणि जहाज यांच्या सांध्यात वीतभर फट होती. तिच्यातून खाली हिरवं पाणी दिसलं. मी वाकून बघायला लागलो तर मागून कुणाची तरी बॅग पोटरीला लागली. त्या दिवशीचा समुद्र तेवढाच.

आत गेल्यावर जे काही आहे त्याचं वर्णन मी काय करू. चार मजले उंचीचा रस्ता, दोन्ही अंगांना दुकानं, वर झाडं, खरी झाडं, पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावर नाच करणाऱ्या पोरी. पण दोन दिवस फिरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या आज्याचा औशाकडं वाडा होता. बाहेरून बघाल तर नुसती दगडी भिंत, एक दिंडी दरवाजा, खिडकी नावालाही नाही. सगळं तोंड आत, चौकाकडं. हे जहाज अगदी तसंच बांधलंय. बाजार आत, बाग आत, पोहायचे हौद आत बघणारे. कित्येक खोल्यांच्या बाल्कन्यासुद्धा आतल्या चौकाकडं उघडतात. माणसं समोरच्या बाल्कनीतल्या माणसांकडं बघत कॉफी पितात. समुद्राकडं जहाजाची पाठ. वाड्याला चोर-दरोडेखोरांचं भय होतं म्हणून तसं बांधायचे. यांना कशाचं भय होतं कळलं नाही. बहुतेक आमच्यासारखे लोक दिवसभर फुकटचा समुद्र बघत बसतील आणि आतली दुकानं ओस पडतील याचं असावं.

आता तांब्याची गोष्ट. माझ्यासोबत परदेशात एक स्टीलचा तांब्या असतो. हसू नका. तिकडच्या संडासात नुसता कागद असतो हे ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही. पहिल्या रात्री तो काठोकाठ भरून टेबलावर ठेवला, जहाज हलतंय का ते बघायला. कारण अंगाला काहीच जाणवत नव्हतं, फक्त पायाखाली बारीक घरघर, शेजारच्या घरात गिरणी चालू असावी तशी. अर्धा तास टक लावून बसलो. पाण्यावर दिव्याचा ठिपका पडला होता. तो हळूच एका बाजूला सरकायचा, थांबायचा, सावकाश परत यायचा. थेंबभर पाणी सांडलं नाही. लातूर-निलंगा गाडीत मागच्या सीटवर बसून अर्धा कप चहा असा धरून दाखवा, मग बोलू.

हिला पाचला जाग येते. सडा घालायला अंगण नाही, चुलीवर पाणी नाही, करणार काय. बाहेर पडली आणि तासभर आलीच नाही. मी लिफ्टनं वर-खाली करून थकलो (लिफ्टबद्दल वेगळं लिहीन, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे). शेवटी पाचव्या मजल्यावर सापडली. लाइफबोटी टांगलेल्या असतात त्यांच्या खालून एक अरुंद वाट जाते, तिथं दुकान नाही, गाणं नाही, खुर्चीसुद्धा नाही. कठड्याला धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "इथं ठेवलाय बघा समुद्र."

अजून उजाडलं नव्हतं. जहाजाच्या अंगाला घासून फेसाचा पट्टा मागं जात होता आणि त्याच्या पलीकडं सगळं काळं. मग हळूहळू काळ्याचं निळं झालं. चिमण्यांएवढं काहीतरी पाण्यातून थव्यानं उडालं, दहा-पंधरा हात गेलं आणि परत पाण्यात पडलं. उडणारे मासे. त्या सात दिवसांत मी बर्फावरचा नाच बघितला, त्या पोरी काय घालून नाचत होत्या ते आज आठवत नाही. मासे आठवतात.

पुढचं प्रतिसाद बघून लिहितो. फोनवर टाइप करून अंगठा दुखायला लागला.

उदगीरकर

काका लई भारी! तुमचा आवाज मी नक्की ऐकला असणार, कॉलेजला असताना चार नंबरलाच गाडी लागायची, आन् कायम उशिरा. खर्च किती आला ते सांगा की. आन् शाकाहारी माणसाचं काय? आमच्या मातोश्री भाताशिवाय दोन दिवस काढू शकत नाहीत.

फलाट_चार

उदगीरकर, गाडी उशिरा येण्यात माझा हात नव्हता, मी फक्त घोषणा करायचो.

खर्च थोरल्यानं शेवटपर्यंत सांगितला नाही, म्हणजे भरपूर असणार. एवढं सांगतो की तिकिटात राहणं, साधं खाणं आणि बहुतेक खेळ येतात. बाटलीतलं काही प्यायचं असेल, इंटरनेट पाहिजे असेल, बेटांवर फिरायला जायचं असेल, तर वेगळे पैसे. वाढप्या-झाडप्यांची बक्षिसीसुद्धा माणशी रोजची ठरलेली असते, ती आपोआप बिलात चढते. मी पहिल्या दिवशी खिशातून पाच डॉलर काढून द्यायला गेलो तर सुनेनं हात धरला. जहाजावर रोकड चालतच नाही, सगळं एका कार्डावर. शेवटच्या सकाळी बिल येतं तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

शाकाहाराची हरकत नाही, आधी सांगून ठेवायचं. आमच्या टेबलावरचा वाढपी मडगावचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो न सांगता डाळ-भात आणायचा. डाळीला फोडणी नव्हती, पण हिनं पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली आणि वेळ भागली. त्याला वाटीभर दिली तर तो घरून निघून सात महिने झालेत म्हणाला. आठ-नऊ महिन्यांचा करार असतो म्हणे त्यांचा. घरचं केलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, आमची चटणी दुकानातल्या बंद पाकिटातली होती. धपाटे सुनेकडंच ठेवावे लागले.

दर्यावर्दी_नांदेड

मी मालवाहू जहाजांवर इंजिनवाला, घर नांदेडला. सुट्टीवर आहे म्हणून बोलतो. काका, तांब्याचा प्रयोग उत्तम. आम्ही कागदावर जे शिकलो ते तुम्ही टेबलावर केलंत.

जहाज हलत नाही याचं कारण नुसता आकार नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या पंखासारखे पोलादी पंख असतात. लाट एका बाजूनं उचलायला लागली की ते आपसूक कोन बदलून तिला दाबतात. तुमच्या तांब्यातला ठिपका जरासाच सरकून परत यायचा, त्यात त्यांचाही हात असणार. बंदरात ते आत घेतात.

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो तो सांगतो. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाचं टनेज २,४८,६६३ आहे. फिनलंडमध्ये तुर्कूला बांधलं, लांबी ३६५ मीटरच्या आसपास, २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या फेरीला निघालं. पेपरात लगेच 'अडीच लाख टन वजनाचं जहाज' असं छापून येतं. हे वजन नाही. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप, घनफळ. टायटॅनिक याच मापाच्या जुन्या रूपात ४६,३२८ होतं. म्हणजे आकारमान पाचपटीच्या वर, पण वजन त्या हिशेबात वाढलेलं नाही. वरचे मजले हलके ठेवतात. इंजिनं, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या सगळ्या तळाला. आणि एवढा वीस मजल्यांचा डोलारा पाण्यात बुडलेला असतो किती, तर साधारण नऊ मीटर. तीस फूट. आपल्याकडची विहीर त्याहून खोल असते.

बंदरातून बाहेर पडताना ढकलायला टग बोटी दिसल्या नसतील. नव्या जहाजांचे पंखे मागच्या बाजूला खाली लोंबत असतात आणि पूर्ण गोल फिरतात, त्यामुळं जहाज जागच्या जागी वळतं. तुम्ही डेकवर होता का निघताना? खाडी संपल्यावर एक लहान बोट जहाजाला येऊन चिकटते, पाहिली का?

फलाट_चार

पाहिली! चालत्या जहाजाच्या पोटातलं एक दार उघडलं, दोराच्या शिडीवरून एक माणूस खाली उतरला आणि बोटीत उडी मारून गेला. मला वाटलं कुणी तिकीट न काढलेला सापडला.

दर्यावर्दी_नांदेड

तो पायलट. त्या बंदराचा वाटाड्या. कॅप्टन कितीही मोठा असला तरी अनोळखी खाडीतून जहाज काढताना स्थानिक माणूस सोबत घ्यावाच लागतो. तुमच्या भाषेत घाटापुरता वेगळा ड्रायव्हर.

परभणी_जगात

मंडळी, जहाजाचा विषय निघाला आन् परभणीचं नाव नाही हे बरोबर नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी, तर जर्मनीचं ऐका.

जर्मनीत पापेनबुर्ग नावाचं गाव आहे. समुद्रापासून पार आत, एम्स नदीच्या काठाला. तिथं मायर कंपनीचा कारखाना १७९५ पासून जहाजं बांधतोय, आता तर भल्यामोठ्या क्रूझ बोटी. नदी केवढी? आपली गोदावरी गंगाखेडला पावसाळ्यात असते तिच्यापुढं ती ओढा. जहाज तयार झालं की नदीवरच्या बंधाऱ्याची दारं लावून पाणी अडवतात, पातळी वाढवतात, मग जहाज उलटं, म्हणजे मागची बाजू पुढं करून, इंचाइंचानं समुद्राकडं नेतात. दोन्ही काठांवर जत्रेसारखी गर्दी. शेतात गाई चरतायत आन् मागून अठरा मजली जहाज सरकतंय असे फोटो आहेत, बघा शोधून. समुद्र नसलेल्या गावानं जहाज बांधू नये असा काही नियम नाही, एवढंच मला म्हणायचंय. बाकी आमच्या एमआयडीसीबद्दल मी काही बोलत नाही.

चिकित्सक

सगळे कौतुक करताहेत म्हणून मीच वाईटपणा घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातूरलाच होतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते. टँकरजवळ भांडणं होतात म्हणून पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली होती. त्याच गावातल्या माणसानं घसरगुंडीच्या हौदांचं वर्णन इतक्या मजेत लिहावं याचं मला नवल वाटलं. ही जहाजं 'स्वच्छ इंधन' म्हणून द्रवरूप नैसर्गिक वायू जाळतात. त्यात काजळी आणि गंधक कमी हे खरं, पण न जळलेला मिथेन निसटतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. हे सगळं कशासाठी? तर बर्फावरचा नाच बघायला. तोही कॅरिबियनच्या उन्हात.

फलाट_चार

चिकित्सक, राग नाही. ती रेल्वे आली त्या वर्षी मी ड्युटीवर होतो. बसस्थानकातले नळ बंद होते आणि लांबून आलेल्या बाया पाणी कुठंय म्हणून माझ्याच खिडकीवर यायच्या. माइकवरून गाडीची घोषणा करता येते, पाण्याची करता येत नाही. तेव्हा हार घातले ते इंजिनाला घातले, आमच्या अक्कलेला नाही.

नवल तुम्हाला वाटलं तसं मलाही तिथं वाटलं. केबिनमधल्या नहाणीत शॉवर आहे, बादली नाही. ही अंगाला साबण लावताना शॉवर बंद करायची. मी म्हटलं, अगं इथं पाण्याला तोटा नाही, ते समुद्राचंच गोडं करतात. म्हणाली, "मला माहीत हाय. हाताला माहीत नाही." सात दिवस तिनं तसंच केलं. हौदात आम्ही दोघंही उतरलो नाही, कारण पोहता येत नाही. नातू उतरला. त्याचा जन्म तिकडचा. त्याला मी रेल्वेची गोष्ट सांगितली तर त्यानं विचारलं, पाणी डब्यातून सांडत नव्हतं का?

मिथेनचं मला ठाऊक नव्हतं.

मांजराकाठ

मग नांदेडचे दादा, समुद्राचं पाणी जहाजात गोडं होतं तर आपल्याकडं का आणत नाहीत? मनात आलं म्हणून विचारते, हसू नका.

दर्यावर्दी_नांदेड

हसत नाही ताई, हा प्रश्न मला दर सुट्टीत कुणीतरी विचारतं.

जहाजावर दोन रीतींनी होतं. एक म्हणजे इंजिन थंड करताना जे गरम पाणी मिळतं त्याच्यावर समुद्राचं पाणी उकळायचं. भांड्यातली हवा काढून दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं, म्हणून ती फुकटची उष्णता पुरते. वाफ धरली की गोडं पाणी. दुसरी रीत आपल्या घरच्या आरओचीच, फक्त दाब प्रचंड. मग त्यात थोडे क्षार घालतात, नाहीतर पाणी बेचव लागतं, आणि जंतू मारायला क्लोरिन. बंदराजवळच्या घाण पाण्यात हे करत नाहीत, बाहेर खुल्या समुद्रात गेल्यावर करतात.

लातूरला आणायचं तर गोडं करायचा खर्च वेगळाच. त्यापुढं कोकणातून सह्याद्री चढवून बालाघाटच्या पठारावर, पाचशे मीटरच्या वर, शेकडो किलोमीटर ढकलायचं. विजेचं बिल कोण भरणार? जहाजाचं सोपं असतं, समुद्र त्याच्या बुडाखालीच आहे.

जालनेकर_संसारी

मी विरुद्ध मत नोंदवतो. आम्ही गेल्या वर्षी दोन लेकरं घेऊन मुंबई-गोवा जहाजानं गेलो होतो, ते जुनं आणि काकांच्या जहाजापुढं लहानच. मला समुद्र पहिल्या दहा मिनिटांत पुरला. पाणी, पाणी आणि पाणी. पोरांना सांभाळायला जागा, बायकोला दोन दिवस स्वयंपाकाला सुट्टी, मला झोप. यासाठीच माणूस पैसे भरतो. जहाजानं समुद्राकडं पाठ केली तर बरंच केलं. समुद्र बघायचा तर मुरुडला जावं, वाळूत बसावं, भजी खावीत. काकांचं लिखाण छान आहे पण 'आतलं सगळं खोटं, बाहेरचं तेवढं खरं' हे मला पटत नाही. बर्फावर नाचणाऱ्या पोरीसुद्धा कष्टानंच शिकल्या असतील.

फलाट_चार

जालनेकर, हे मात्र लागलं. पोरींचं बोलायला नको होतं. त्यातली एक पडली होती, उठून हसली आणि पुढचं सगळं बिनचूक केलं. ते आत्ता तुमच्यामुळं आठवलं.

तेरची_लेक

थोडं विषयांतर चालेल ना?

आपल्याला समुद्र नाही असं सगळे म्हणतात, पण आमच्या तेरचा माल समुद्रापार जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषेतला दर्यावर्दी वृत्तांत आहे, पेरिप्लस नावाचा. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आमचं तेर, अशी दोन गावं येतात. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, गाड्यांत माल लादून तो भडोचला न्यायचा आणि पुढं जहाजात. पैठणचे अकीक, तेरचं कापड. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक बाई आहे, लहानशी मूर्ती. तसल्याच घडणीची एक इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पाँपेई शहराच्या राखेखाली सापडली. लहानपणी शाळेची सहल दर वर्षी तिथंच, म्हणून आम्हाला तिचं काही वाटायचं नाही. काकांनी मडगावच्या पोराबद्दल लिहिलंय ते वाचताना वाटलं की त्या काळीही कुणी तेरचा माणूस भडोचपर्यंत गाडी हाकत गेला असेल, जहाज बघितलं असेल आणि परत आल्यावर पारावर बसून हेच सांगत बसला असेल.

आणि अजिंठ्याला दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलंय, तीन शिडांचं. त्यावर रांजण ओळीनं मांडलेले आहेत. पाण्याचेच असावेत असं मी धरून चालते. चित्रकारानं समुद्र बघितला होता की नाही कुणास ठाऊक, पण रांजण नीट काढलेत.

बीडची_सून

ताई, दुसरं लेणं मी तीनदा बघितलंय आणि जहाज एकदाही दिसलं नाही. आता परत जाणं आलं.

काका, सासऱ्यांना न्यायचंय, गुडघे गेलेत. चालणं फार आहे का? आणि ती जीव वाचवायची कवायत म्हातारी माणसं कशी करतात?

फलाट_चार

सूनबाई, चालणं आहे. लांबी म्हणजे साडेतीनशे मीटरच्या वर, आमचं सबंध बसस्थानक त्यात मावेल. चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवली तर मिळते, आणि खोली लिफ्टजवळची मागायची. आमची नेमकी दुसऱ्या टोकाला होती. लिफ्ट येते, दार उघडतं, आत ओली टॉवेलवाली माणसं गच्च, दार मिटतं. आषाढीच्या जादा गाड्यांची आठवण झाली. तिथं निदान टपावर चढून जाणारे होते.

कवायत सोपी झालीय. फोनवर चित्रफीत बघायची आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन फक्त हजेरी लावायची. मला वाटलं उगीच सोपस्कार.

दर्यावर्दी_नांदेड

सोपस्कार नाही काका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला घासून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत केली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी हजेरी लागतेच. तुम्ही ज्या लाइफबोटींखाली समुद्र बघत उभे राहायचात, त्या दिसतात तेवढ्या लहान नसतात. 'ओएसिस' नावाच्या वर्गातल्या अवाढव्य प्रवासी जहाजांवर एकेका बोटीत ३७० माणसं बसतात.

फलाट_चार

३७०! म्हणजे चव्वेचाळीसच्या हिशेबानं आठ गाड्या भरून वर अठरा उभे. आणि आम्ही त्याखाली चहा पीत होतो.

आगार_निवृत्त

साहेब, ओळखलं का? औसा रोडला तुमच्या मागं राहायचो, कार्यशाळेत होतो. एकच विचारतो. एवढं जहाज परत आल्यावर पुढची ट्रिप कधी? धुणं-झाडणं किती वेळ?

फलाट_चार

ओळखलं. हा प्रश्न फक्त एसटीवालाच विचारू शकतो, आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त हेच बघायचं होतं.

त्याच दिवशी. पहाटे मायामीला लागलं, दुपारी चारच्या सुमाराला परत निघणार. आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर काढून ठेवायच्या, पट्टी बांधून. सकाळी त्या बंदराच्या शेडमध्ये रंगानुसार रांगेत उभ्या. साडेपाच हजार माणसं साडेदहापर्यंत खाली. मी थोरल्याला म्हटलं, आपण शेवटच्या टोळीत उतरू, घाई नाही. कठड्यावरून खाली बघत राहिलो. मालमोटारी आधीच रांगेत लागलेल्या. पुढं दोन लोखंडी हात असलेल्या गाड्या (फोर्कलिफ्ट) फळ्यांवर रचलेला माल उचलून जहाजाच्या पोटात नेत होत्या. कलिंगडं, अंड्यांचे थर, दुधाच्या टाक्या, परीटघडीच्या चादरी. कुणी ओरडत नव्हतं. एक पिवळ्या जाकिटातली बाई हातात पाटी धरून फक्त बोट दाखवत होती. इकडं, तिकडं, थांब. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

आमच्याकडं मुक्कामी गाडी आली की एक झाडू, एक बादली, आणि सीटखाली राहिलेली छत्री. यांची छत्री हरवली तर फोनवर कळवतात. मात्र एक गंमत. माझी टोपी त्या पाचव्या मजल्यावर राहिली, ती मिळाली नाही. वाऱ्यानं गेली असणार, त्यात कुणाचा दोष नाही.

उदगीरकर

काका फोटो टाका की. समुद्राचे. जहाजाचे नेटवर ढीगभर हाईत.

फलाट_चार

चाळून बघितले. एकूण सहाशे चार. घसरगुंडीचे, जेवणाच्या ताटांचे, टॉवेलची घडी करून केलेल्या हत्तीचे, मडगावच्या पोरासोबतचे. समुद्राचा एकच निघाला, पाचव्या मजल्यावर हिनं काढलेला, आणि त्यात निम्मा तिचा अंगठा आहे. तोच चढवायचा प्रयत्न करतो, फाइल मोठी आहे म्हणतंय.

बीडची_सून

अंगठ्यासकट टाका काका. आणि तेवढं सांगा, तो तांब्या विमानात हातातल्या बॅगेत चालतो का?

फलाट_चार

रिकामा असेल तर चालतो. आमचा जाताना मुंबईला एकदा आणि येताना एकदा तपासला. दोन्ही वेळा उलटा करून बघितला, वास घेतला आणि परत दिला.